अमेरिकेतले शेतमजूर, त्यांचे मालक आणि व्हिसाचा गुंता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची तासगावची. गेली बरीच वर्षं कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या दक्षिणेला राहते आणि द्राक्ष-बदाम पिकवणाऱ्या काही शेतमालकांचे पगार नि हिशेब बघते. गावाकडून फोन आला की, किंवा इथे गणपतीत जेवणाच्या रांगेत उभी राहिले की, फिरून फिरून हेच प्रश्न येतात. दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

अमेरिकेत शेतात राबतं तरी कोण? सगळं यंत्रांवर चालत असेल ना?

गहू, मका, सोयाबीन यंत्रांवर. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, लेट्यूस, सफरचंद, कांदा यांना हात लागतात. अमेरिकेचं कामगार खातं पिकांवर काम करणाऱ्या मजुरांची पाहणी करतं. २०२१-२२च्या पाहणीत दर दहा मजुरांमागे साधारण सात जण परदेशात जन्मलेले निघाले, त्यातले बहुतेक मेक्सिकोचे. ४२ टक्के मजुरांकडे इथे काम करण्याचा कायदेशीर परवाना नव्हता. व्हिसावर हंगामापुरते येणारे यात धरलेले नाहीत, ते वेगळे.

'बेकायदा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कालच कुंपण ओलांडून आलेला तरुण येतो. माझ्या टेबलासमोर बसणारी माणसं पन्नाशीची असतात. वीस-वीस वर्षं त्याच तालुक्यात, त्याच वेलींखाली. मुलं इथे जन्मलेली, म्हणजे अमेरिकन नागरिक. आणि सगळे स्पॅनिश बोलतात हाही गैरसमज. मेक्सिकोच्या ओआहाका भागातून आलेल्यांची घरची भाषा मिस्तेको किंवा त्रिकी असते, स्पॅनिश कामापुरती. अर्ज भरताना आधी मुलगी आईला विचारते, मग मला सांगते.

कागद नसताना मालक कामावर ठेवतोच कसा? हा गुन्हा नाही का?

जाणूनबुजून ठेवलं तर गुन्हा आहे, १९८६पासून. त्याच कायद्याने आय-९ नावाचा फॉर्म आला. नवा माणूस ओळख आणि कामाचा हक्क दाखवणारे कागद आणतो, मालक ते बघून सही करतो. कागद वरकरणी खरे वाटले तर ते मान्य करणं भाग असतं. 'तुझं नाव मेक्सिकन आहे, अजून एक पुरावा आण' असं म्हटलं तर तो भेदभाव, आणि त्याची शिक्षा वेगळी. थोडक्यात, मालकाने फार डोळे मिटले तरी फसला, फार उघडले तरी फसला. बहुतेक जण अर्धे मिटतात.

तो अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा कागद मग माझ्याकडे येतो. पगारातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी पेन्शनचे, पैसे कापून मी सरकारात भरते. त्यासाठी दिलेला नंबर दुसऱ्याचा किंवा कुणाचाच नसलेला, त्यामुळे म्हातारपणी त्या माणसाला त्यातला छदाम मिळणार नाही. पावती मात्र दर पंधरवड्याला छापून देते.

रीतसर रांगेत उभं राहून का येत नाहीत? आम्ही नाही का एच-१बी (शिकलेल्यांचा नोकरीचा व्हिसा), ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) करत थांबलो?

मराठी मंडळातला लाडका प्रश्न. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी रांगच नाही. कमी शिक्षणाच्या कामांसाठी नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डं साऱ्या अमेरिकेत, सगळ्या धंद्यांना मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,०००. त्यात हॉटेल आलं, कत्तलखाने आले, सगळं आलं. शिवाय १९९६च्या कायद्याने असं करून ठेवलंय की जो वर्षाहून जास्त बेकायदा राहिला, तो देशाबाहेर पडला की दहा वर्षं परत येता येत नाही. म्हणजे 'परत जा आणि नीट अर्ज करून ये' हा सल्ला ऐकायला बरा, पाळायला गेलं तर मुलं शाळेत इथे आणि आई तिकडे.

पण शेतीसाठी खास व्हिसा आहे ना?

आहे, एच-२ए. आपल्या लोकांना तो परका वाटतो, पण तो एच-१बीचाच चुलत भाऊ. दोघांचं मूळ १९५२च्या कायद्यातल्या 'एच' वर्गात. १९८६मध्ये शेतीचा एच-२ए वेगळा झाला, १९९०मध्ये एच-१बी आला. फरक असा की एच-१बीला वर्षाचा आकडा ठरलेला आहे, लॉटरी लागते. एच-२एला मर्यादाच नाही. २००५च्या सुमाराला जेमतेम ५०,००० जागांना मंजुरी होती. २०२३ साली ती पावणेचार लाखांच्या वर गेली. दहातले नऊहून अधिक मजूर मेक्सिकोचे.

अट एकच, पण मोठी: काम हंगामी हवं. गोठ्यातलं काम बारमाही, त्यामुळे दूध उत्पादकांना हा व्हिसा वापरता येत नाही. गाय काही जूनमध्ये सुट्टीवर जात नाही. इथून तासाभरावर तुलारे काउंटी आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या दूध पट्ट्यांपैकी एक. तिथे मजूर कुठून येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

मर्यादा नाही, मग मालक कुरकुरतात कशाला?

खर्च आणि कटकट. आधी स्थानिक माणसं मिळत नाहीत हे जाहिरात देऊन दाखवायचं. अर्ज साधारण दोन-अडीच महिने आधी कामगार खात्याकडे, मग इमिग्रेशनकडे, मग वकिलातीत मुलाखती. मजुरांना राहायला जागा फुकट द्यायची, येण्या-जाण्याचं भाडं भरायचं, करारातल्या तासांपैकी किमान तीन चतुर्थांश कामाची हमी द्यायची. आणि अर्धा करार होईपर्यंत कुणी स्थानिक माणूस काम मागत आला तर त्याला घ्यायचं.

पन्नास-साठ एकरांच्या द्राक्षवाल्याला हे झेपत नाही. त्याला मजूर लागतात वर्षात पाच-सहा आठवडे. तेवढ्यासाठी तपासणीत पास होईल असं घर कुठून आणायचं? मोठ्या कंपन्या मोटेलच्या मोटेल भाड्याने घेतात. लहान शेतकरी मुकादमाला फोन करतो. इथेही मुकादम असतो, फक्त त्याला लेबर कॉन्ट्रॅक्टर म्हणतात आणि त्याच्याकडे सरकारी लायसन असतं. माणसं कुठून आणली हे विचारायची पद्धत नाही.

आणि मजुराची तक्रार काय?

इथे जरा थांबते, कारण माझ्या मते सगळ्या गुंत्याची गाठ इथेच आहे.

एच-२ए व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. मालक बरा निघाला तर उत्तम. तास कमी लिहिले, खोलीत दहा जण कोंबले, पाणी दिलं नाही, तर मजुरापुढे दोनच वाटा: सोसायचं किंवा मेक्सिकोला परत. तक्रार करायचा हक्क कायद्यात आहे, पण पुढच्या वर्षी बोलावणं येणार की नाही हे त्याच मालकाच्या हातात. दुसरा मालक अर्ज करून घेऊ शकतो, पण शेतावरच्या खोलीत राहणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसाला तो भेटणार कुठे?

त्यात उचल. भरती करणाऱ्या एजंटाने मजुराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. तरीही गावात घेतले जातात. व्याजाने कर्ज काढून, कधी जमिनीचा तुकडा गहाण टाकून माणूस येतो. बीडहून ऊसतोडीला निघालेलं कोयत्याचं जोडपं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे मुकादम उचल देऊन बांधतो, तिकडे एजंट घेऊन बांधतो. पैसा उलट्या दिशेने जातो, दोरी तीच. २०२१मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका मोठ्या खटल्यात सरकारी वकिलांनी मांडलं की एच-२एवर आणलेल्या मजुरांना बंदुकीच्या धाकात उघड्या हातांनी कांदे उपटायला लावलं, बादलीला वीस सेंट देऊन. प्रत्येक शेतावर असं होतं असं कुणी म्हणत नाही. पण व्हिसाची रचनाच अशी आहे की असं करायचं ठरवलं तर करता येतं.

आणि ज्याच्याकडे व्हिसाही नाही त्याचं काय? तो निदान मालक बदलू शकतो. वाचून विचित्र वाटेल, पण मी दोन्ही प्रकारच्या मजुरांशी बोलले आहे. कागद असलेला जास्त दबून बोलतो.

मजुरी किती मिळते?

स्थानिक मजुरांची मजुरी पडू नये म्हणून एच-२ए मजुरांसाठी सरकार राज्यनिहाय वेगळा किमान दर ठरवतं. २०२५च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात तो ताशी १९.९७ डॉलर होता, राज्याचं सर्वसाधारण किमान वेतन १६.५० डॉलर असताना. मालकांची सर्वांत मोठी ओरड या दरावर होती. ऑक्टोबर २०२५मध्ये कामगार खात्याने दर काढण्याची पद्धत बदलली: कौशल्याच्या दोन पातळ्या केल्या, फुकट घराची किंमत दरातून वजा धरायची मुभा दिली. बऱ्याच ठिकाणी दर खाली आले. मजूर संघटना कोर्टात गेल्या.

ओव्हरटाइमबद्दल विचारणाऱ्यांसाठी: १९३८च्या केंद्रीय कायद्यात शेतमजुरांना वगळलं, ते ओव्हरटाइमपुरतं अजून तसंच आहे. कॅलिफोर्नियाने स्वतःचा नियम केला, पण इतर कामगारांच्या बरोबरीचा ओव्हरटाइम देणारा कायदा तिथेही २०१६मध्येच आला.

अमेरिकन लोक हे काम का करत नाहीत? पैसे वाढवले तर येतील की.

थोडे येतील. २०१०मध्ये युनायटेड फार्म वर्कर्स या संघटनेने खुलं आमंत्रणच दिलं होतं, 'या, आमच्या नोकऱ्या घ्या'. टिकणारे बोटांवर मोजण्याइतके. २०११मध्ये जॉर्जियाने कडक कायदा केला आणि मजूर राज्य सोडून गेले, तेव्हा तिथल्या गव्हर्नरनी प्रोबेशनवरच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर असलेल्या, गुन्हेगारांना शेतात पाठवायचं सुचवलं. काकडी तोडायला आलेले त्यातले बरेच दुपारपर्यंत निघून गेले.

मला विचाराल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेल्माला या. बेदाण्याची राजधानी म्हणवतात या गावाला. द्राक्षं थॉमसन वाणाचीच, म्हणजे आपल्या तासगणेश वाणाची आजी. आपण घड पोटॅशच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये रॅकवर सुकवतो. इथे ते उन्हात, जमिनीवर. ओळी पूर्व-पश्चिम, दोन ओळींमधली माती दक्षिणेकडे उतार देऊन घोटलेली, त्यावर कागद अंथरलेले. सकाळी सहाला जोडपी वेलीखाली शिरतात. हातात छोटा वाकडा चाकू. नवरा गुडघ्यांवर बसून घड टबात पाडतो, बायको टब कागदावर ओतून बोटांनी घड एकसारखे पसरते, एकावर एक येऊ देत नाही. पैसे कागदामागे, आपल्या उक्त्या कामासारखे. वेलीखाली वारा नाही, धुळीने पापण्या पांढऱ्या, आणि दहा वाजेपर्यंत पारा पस्तिशी गाठतो. मी एकदा तासभर करून पाहिलं. दोन कागद झाले. शेजारच्या बाईने तेवढ्यात किती केले ते विचारू नका.

यंत्रं का आणत नाहीत?

आणतात. बेदाण्यातच आता लवकर पिकणारी सेल्मा पीटसारखी वाणं आली आहेत. काड्या कापून घड वेलीवरच सुकवायचे आणि यंत्राने झाडून घ्यायचे. पण त्यासाठी जुनी बाग उपटून नवा मांडव घालावा लागतो. सत्तरीतला मालक, मुलगा लॉस एंजेलिसला नोकरीत, तो ती गुंतवणूक करत नाही. बाग काढून बदाम लावतो. बदाम यंत्र हलवून पाडतं.

हे पूर्वी कधी सोडवायचा प्रयत्न झाला नाही?

दोनदा मोठा झाला, आणि दोन्हींतून अर्धाअर्धा धडा मिळतो.

पहिला ब्रासेरो करार, १९४२ ते १९६४. महायुद्धात माणसं कमी पडली म्हणून मेक्सिकोशी सरकारी पातळीवर करार. बावीस वर्षांत पंचेचाळीस लाखांच्या वर करारपत्रं झाली. कागदावर घर, जेवण, मजुरीची हमी. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतला दहा टक्के भाग बचत म्हणून कापून मेक्सिकन बँकांकडे पाठवला आणि हजारो लोकांना तो मिळालाच नाही. त्यांची नातवंडं या शतकात मोर्चे काढत होती. हातभर दांड्याचं खुरपं देऊन दिवसभर वाकून काम करून घ्यायचे. कॅलिफोर्नियात त्या खुरप्यावर बंदी यायला १९७५ उजाडलं. ब्रासेरो बंद झाल्यावर स्थानिकांची मजुरी वाढेल असं वाटलं होतं. २०१८मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी जुने आकडे तपासून दाखवलं की तसं काही झालं नाही. मालकांनी टोमॅटो तोडणीचं यंत्र आणलं, जिथे यंत्र नव्हतं तिथलं पीक कमी केलं. दुसरीकडे हेही खरं, की करार संपल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६५मध्ये, डेलानोच्या द्राक्षबागांतल्या फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली आणि पाच वर्षांनी मालकांनी करारावर सह्या केल्या. बदलीला बांधील माणसं सहज मिळत होती तोवर असा संप टिकणं कठीण होतं.

दुसरा प्रयत्न १९८६च्या त्याच कायद्याचा, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीचा. वर्षभरात ९० दिवस शेतात काम केल्याचं दाखवलं की कायदेशीर दर्जा. सुमारे अकरा लाख लोकांना मिळाला. माझ्या ओळखीचे दोन मुकादम त्यातलेच, आज त्यांची स्वतःची घरं आहेत. पण मागून येणाऱ्यांसाठी वापरता येईल असा दरवाजा ठेवला नाही. कागद मिळालेले हळूहळू बांधकामात, ट्रकवर गेले. त्यांच्या जागी आलेले पुन्हा बिनकागदाचे.

मग 'न्याय्य सुधारणा' म्हणजे नेमकं काय हवंय?

सगळ्यात जवळ पोचलेलं विधेयक म्हणजे फार्म वर्कफोर्स मॉडर्नायझेशन ॲक्ट. कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट झोई लोफग्रेन आणि वॉशिंग्टन राज्याचे रिपब्लिकन डॅन न्यूहाउस यांनी मिळून आणलं. मजूर संघटना आणि मालकांच्या संघटना एकाच खोलीत बसून कलमं ठरवत होत्या, हीच मोठी बातमी होती.

सौदा असा: मागच्या दोन वर्षांत किमान १८० दिवस शेतात काम केलेल्याला साडेपाच वर्षांचा, नूतनीकरण होणारा दर्जा. ग्रीन कार्ड हवं असेल तर हजार डॉलर दंड आणि शेतात अजून चार वर्षं. आधीची सेवा दहा वर्षांहून कमी असेल तर आठ. मालकांना सोपा एच-२ए अर्ज, मजुरीचा दर एकदम वाढू नये म्हणून लगाम, आणि वर्षाला २०,००० बारमाही व्हिसा, त्यातले अर्धे दुग्धव्यवसायाला. थोड्या मजुरांपुरता, मालक बदलता येईल असा व्हिसा प्रयोग म्हणून. बदल्यात नव्या भरतीची संगणकावर सक्तीची पडताळणी, म्हणजे अर्धे मिटलेले डोळे उघडायचे.

आठ वर्षं अजून शेतात राबा मग कार्ड देतो, हे मला पटत नाही. ज्याने आधीच सात वर्षं काढली त्याला पुन्हा दावणीला बांधणं झालं ते. आणि मालक बदलता येणारा व्हिसा प्रयोगापुरता का? तो नियमच हवा. मालक बदलता आला की वाईट मालकाकडची माणसं आपोआप चांगल्याकडे जातील, मग सरकारला इतके निरीक्षक नेमावे लागणार नाहीत. माझे चांगले मालकही हे मान्य करतात, खासगीत.

मग अडलं कुठे?

सिनेटमध्ये. प्रतिनिधीगृहाने २०१९च्या डिसेंबरात २६० विरुद्ध १६५ आणि २०२१च्या मार्चमध्ये २४७ विरुद्ध १७४ मतांनी मंजूर केलं. २०२२च्या डिसेंबरात सेनेटर मायकेल बेनेट यांनी त्याचीच वेगळी आवृत्ती आणली, तीही बारगळली. एच-२ए मजुरांना फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात दावा लावता यावा हे कलम अमेरिकन फार्म ब्युरो या शेतमालकांच्या संघटनेला नको होतं. काही मजूर संघटनांना सक्तीची पडताळणी नको होती. सीमेवरची गर्दी आधी थांबवा म्हणणारे तिसरे. २०२५मध्ये विधेयक पुन्हा मांडलं गेलं आहे.

२०२५च्या धाडींचं काय झालं?

जूनमध्ये ऑक्सनार्डच्या स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यात इमिग्रेशनच्या गाड्या शिरल्या. ट्रम्प यांनी स्वतः लिहिलं की शेतकऱ्यांची चांगली माणसं जात आहेत. शेतांवरच्या धाडी थांबवल्याची बातमी आली आणि काही दिवसांत फिरली. १० जुलैला कॅमरिलोच्या ग्रीनहाउसवर मोठी धाड पडली, तीनशेहून अधिक लोक पकडले, आणि छतावरून पडलेला एक मजूर दोन दिवसांनी गेला.

आमच्याकडे त्या आठवड्यात कुणी पकडलं गेलं नाही. पण एका बागेत चाळीसच्या जागी अकरा माणसं आली. मालक, कट्टर रिपब्लिकन, गाडीला टेकून उभा होता. मला म्हणाला, पगार सगळ्यांचा काढ, येतील परत. चार दिवसांनी निम्मे आले.

आपल्या लोकांचा याच्याशी काही संबंध?

मराठी माणसांचा फारसा नाही, पंजाब्यांचा शंभर वर्षांचा. १९१३च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने आशियाई माणसाला जमीन घेता येईना, १९१७ला येणंच बंद झालं, १९२३ला सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. इंपीरियल व्हॅलीतल्या शीख शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, जमिनी दुसऱ्यांच्या नावावर कसल्या. गणितात डॉक्टरेट घेतलेले दलीपसिंग सौंद त्याच खोऱ्यात लेट्यूस पिकवत होते. भारतीयांना नागरिकत्व खुलं करणारा १९४६चा कायदा झाल्यावर नागरिक झाले आणि १९५६मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले, पहिले आशियाई. त्यांच्याच आसपासची कुटुंबं आज मोठे बागायतदार आहेत, आणि मजूर मिळत नाहीत म्हणून तेही माझ्यापुढे हातावर हात ठेवून बसतात.

पुण्यातला एजंट म्हणतो, 'अमेरिकेचा शेतीव्हिसा करून देतो, आठ लाख भरा.' भाचा तयार आहे. भरू का?

नको. एच-२ए साठी मजुराकडून भरतीचे पैसे घेणंच बेकायदा आहे, त्यामुळे आठ लाख मागणारा पहिल्याच वाक्यात खोटा ठरला. अर्ज मालक करतो, मजूर नाही. तेव्हा एजंटाला शेतमालकाचं नाव, गाव आणि कामगार खात्याच्या मंजुरीचा केस नंबर मागा. नंबर दिलाच तर मला पाठवा, मंजूर झालेल्या जागांची यादी सरकार जाहीर करतं, पाच मिनिटांत बघून सांगते. आजवर तिघांनी फोन केला होता. नंबर एकाच्याही एजंटाने दिला नाही.